सहाच्या आत

माझं डोकं चटकन तापतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. आमचं शिलाईचं दुकान आहे. सासरे होते तोवर ते कापायचे, आता मी कापते. नवरा गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावतो आणि आकडे वहीत लिहितो. सासूबाई ती वही मोठ्याने वाचतात, मी ऐकत ऐकत कापडावर खडूने आखते आणि कात्री चालवते. नऊ वर्षं हे असंच चाललंय, आणि त्या नऊ वर्षांत माझ्या हातून एकही कापड वाया गेलेलं नाही. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

दुकानात कायदा एकच. माप घेणाऱ्याने अंगाबरोबर माप घ्यायचं, वाचणाऱ्याने लिहिलंय तेवढंच वाचायचं, आणि शिवणीत आत जाणारं जास्तीचं कापड, म्हणजे मार्जिन, ते धरायचं फक्त कापणाऱ्याने. हा कायदा सासऱ्यांच्या वेळी एका शाळामास्तरांच्या कोटामुळे झाला. माप घेणारा म्हणाला मास्तर जाड होतील, दोन बोटं जास्त लिहू. वाचणारा म्हणाला कापड आटेल, दोन बोटं जास्त सांगू. सासऱ्यांनी तर मार्जिन धरलंच. कोट असा झाला की मास्तर आत शिरल्यावर शेजारी आणखी एकाला जागा उरली. सभ्य माणूस, त्यांनी कोट मुकाट्याने नेला, पण पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत.

आता लोक तयार कपडे घेतात. दुकानात माशा मारायची वेळ आली तेव्हा मी शहरातल्या एका कारखान्यात अर्ज केला. तिथे रुग्णालयांचे गणवेश शिवतात, आणि त्यांना कापायच्या टेबलावर माणूस हवं होतं. त्यांनी माझ्याकडून एक डगला कापून घेतला, उलटा करून पाहिला, आणि पहिल्या तारखेपासून या म्हणाले. वेळ साडेआठ ते सव्वापाच. नवऱ्याला दुकान टाकून येणं शक्य नव्हतं, म्हणून ठरलं की तो वर्षभराने यायचा. प्रश्न उरला बटणचा.

बटण म्हणजे आमची साडेतीन वर्षांची मुलगी. तिचं खरं नाव फक्त कागदांवर आहे.

तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवताना म्हणाल्या की पाळणाघरं सहाला बंद होतात, तू सव्वापाचला सुटणार, मधे राहिली पंचेचाळीस मिनिटं. घर असं शोध की कारखान्याच्या दारातून पाळणाघराच्या दारात तू तेवढ्या वेळात पोचशील. तसं मिळालं तर बटण तुझ्याबरोबर. नाही मिळालं तर ती वर्षभर माझ्याजवळ राहील. नवरा म्हणाला, बघू. माझा नवरा आयुष्यात दुसरं काही म्हणालेला नाही. लग्नाच्या बोलणीलाही तो बघूच म्हणाला होता.

शहरात माझी नणंद राहते. वन्सं चष्म्याच्या दुकानात काम करतात, आणि हातात घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. त्यांनी पाळणाघर असलेल्या तीन वस्त्या हेरल्या: कालव्याकाठची, टेकडीवरची आणि बसच्या डेपोमागची. तीन दिवस अर्धी रजा टाकून त्या सव्वापाचला कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या, बस पकडली, चालल्या, घड्याळ पाहिलं. मग त्यांनी भावाला फोन केला. भावाने आकडे लिहून घेतले, कशात, तर मापांच्या वहीत, कुणाच्या तरी विजारीच्या मापांखाली. रात्री जेवण झाल्यावर आईंनी चष्मा लावून ती वही वाचली. कालव्याचे पंचावन्न ठरले, डेपोचे पासष्ट, टेकडीचे सत्तर. पंचेचाळीसच्या आत एकही नाही.

आई उठून भांडी आवरायला लागल्या. मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले आणि मनात म्हटलं, झालं यांच्या मनासारखं. नातवंड पदराला बांधून ठेवायचं होतं, ठेवलं. पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरती बोलले. त्या छाती अडतीस म्हणायच्या आणि मी हं म्हणायचे.

गुरुवारी मी एकटीसाठी खोली बघायला शहरात गेले.

फाटकाशी एक दलाल भेटला. या माणसाच्या जगात सगळं पाच मिनिटांवर होतं. बाजार पाच मिनिटांवर, दवाखाना पाच मिनिटांवर, स्टेशन पाच मिनिटांवर. मी विचारलं, आणि घर? तर म्हणाला, हे काय, पाच मिनिटं. आम्ही बारा मिनिटं चाललो. पण खोली खरोखर कारखान्याजवळ होती. खाली कपडे धुण्याचं दुकान, वर जिना, जिन्याच्या टोकाला दार. मालकीणबाई निवृत्त टंकलेखिका, बोलणं मोजकं आणि स्वच्छ. आत एका माणसाचा पलंग, पूर्वेकडे खिडकी, आणि भिंतीला लागून एक लांबरुंद टेबल. आधीचा भाडेकरू नकाशे काढायचा म्हणे. मी टेबलावर तळहात फिरवला. सपाट होतं, कुठे उंचवटा नाही. यावर अख्खा डगला एका दमात कापता आला असता, आणि मधेच कुणी कात्रीला हात घातला नसता.

मला ती खोली फार आवडली. इतकी आवडली की मला लाज वाटली.

मालकीणबाईंनी विचारलं, एकट्याच ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, उद्या सकाळपर्यंत सांगा.

दुपारी वन्संच्या दुकानात गेले. त्यांनी मला काचेच्या कपाटांमधल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि एका माणसाच्या नाकावर चष्मा नीट बसवून त्याला वाटेला लावल्यावर विचारलं की कालव्याकाठी घर का नको? मी म्हटलं, वन्सं, पंचावन्न मिनिटं कुठून आणू? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझाच नंबर वाढलाय.

"पंचावन्न कुठले? मी पस्तीस सांगितले होते."

पस्तीस. मला काही उमगेना. मी म्हटलं ते डेपोचे असतील. त्या म्हणाल्या डेपोचे पंचेचाळीस, कालव्याचे पस्तीस, आणि खरं सांगायचं तर कालव्याला तीसच लागले होते. पण बस एखादवेळी रेंगाळते, म्हणून त्यांनी आपली पाच वाढवली. अंगवळणी पडलंय, म्हणाल्या. त्याही शिंप्याचीच मुलगी.

चष्म्याच्या पावतीच्या मागे मी तीस लिहिलं, त्याच्याखाली पस्तीस लिहिलं आणि नवऱ्याला फोन लावला. तो आधी म्हणाला, बघू. मग मी आवाज चढवल्यावर म्हणाला की ताई भराभर चालते, तू दिवसभर उभी राहून दमलेली असणार, म्हणून मी पाच जास्त लिहिले. चाळीस. मी विचारलं, नक्की चाळीस? त्याने वही काढून पाहिली. चाळीसच होते.

म्हणजे चाळीसचे पंचावन्न झाले ते आईंच्या तोंडून. माझं डोकं असं फिरलं की वन्संनी माझ्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला. नऊ वर्षं ज्या बाईने वहीतला अर्धा इंच इकडचा तिकडे केला नाही, तिने माझ्या मुलीच्या बाबतीत पंधरा मिनिटं ढापली. मला तेव्हाच फोन करायचा होता. वन्सं म्हणाल्या, आधी स्वतः जाऊन बघ, मग भांड. ऐकलं त्यांचं, कारण पुरावा हातात असला की भांडण चांगलं होतं.

सव्वापाचला मी कारखान्याच्या फाटकावर उभी होते. भोंगा वाजला, माणसं बाहेर पडली, मी त्यांच्यात मिसळून निघाले. थांबा कुठला ते कळेना. एकीने डावीकडे सांगितलं, एकाने उजवीकडे, आणि तिसरा म्हणाला कालव्याला बस जातच नाही, आणि स्वतः कालव्याच्या बसमध्ये चढला. मी त्याच्यामागे धावत चढले. खिडकीतून बाहेर बघत होते, पण काय पाहिलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. मी घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात आईंना काय काय बोलायचं त्याची उजळणी करत होते. नऊ वर्षांचं सगळं वर आलं. माझ्या भाजीत त्यांनी परत घातलेलं मीठसुद्धा.

उतरले, पूल ओलांडला, पाण्याच्या कडेने चालत गेले. दोन मजली घरं, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, आणि कोपऱ्यावर हिरव्या फाटकाचं पाळणाघर. फाटकाला हात लावला आणि घड्याळ पाहिलं. थांबा शोधण्यात गेलेला वेळ धरून एकतीस मिनिटं. माझ्या हाताशी चौदा मिनिटं उरली होती.

मी तिथेच उभी राहून आईंना फोन लावला.

"आई, कालव्याला एकतीस मिनिटं लागतात. वन्संनी पस्तीस सांगितली, तुमच्या मुलाने चाळीस लिहिली. तुम्ही पंचावन्न वाचलीत."

पलीकडे शिलाईचं यंत्र चालू होतं. ते थांबलं. आईंनी कुणाला तरी बाहेर जायला सांगितलेलं ऐकू आलं.

"मी पंचेचाळीस वाचलं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आई, उगाच काहीतरी बोलू नका.

"चाळीस लिहिलं होतं. पाच मी वाढवले, ते खरं आहे. बटण जाऊ नये असं मला वाटत होतं, म्हणून वाढवले. पण पंचेचाळीसच्या पुढे माझी जीभ रेटेना. पंचावन्न तू म्हणालीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी पंचेचाळीस म्हटलं आणि तू लगेच म्हणालीस, म्हणजे पंचावन्न धरा. पुढच्या दोन्हींतही दहा-दहा तूच घातलेस. मला वाटलं, हिला पोरीला न्यायचं नाहीये. मग मी कशाला तोंड उघडू?"

मी फाटकाचा गज धरून उभी होते. मला आठवेना, आणि मग आठवलं. ताटातलं संपलं होतं, आई वही वाचत होत्या, आणि माझ्या तोंडून आकडे निघत होते, टेबलावर निघतात तसे, विचार न करता. कापणारी मी. मार्जिन धरायचा हक्क माझा. तो मी बजावला, आणि ज्यांनी आकडा जेमतेम हद्दीत ठेवला होता त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

आता मी काय सांगणार होते? सवयीने झालं, असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. मी त्या टेबलावर हात फिरवला होता तेव्हा मला काय हवंसं वाटलं होतं ते मला माहीत होतं. मला बटण हवी होती. तिच्यावाचून त्या खोलीत पहिल्याच संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून रडले असते, हेही मला ठाऊक होतं. आणि मला ती वर्षभर नको होती. अनोळखी शहरात सकाळी तिचे बूट शोधायचे, ताप आला तर कुणाला हाक मारायची कळायचं नाही, दिवसभर नव्या लोकांसमोर एकही कापड वाया जाऊ द्यायचं नाही, आणि संध्याकाळी पुन्हा कुणाची तरी आई व्हायचं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. यातलं कुठलं जास्त खरं, ते मला आजही सांगता येत नाही.

"आई," मी म्हटलं, "मला भीती वाटते."

"वाटणारच," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की मुलगा तीन महिन्यांचा असताना त्या दुकानात यायला लागल्या, आणि सगळ्यांना सांगितलं की नवऱ्याला मदत हवी आहे. नवऱ्याला काडीची मदत नको होती. मूल रडलं की दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्या माझ्या सासऱ्यांशीही कधी बोलल्या नव्हत्या.

मग त्यांनी विचारलं की तिकडे गारठा असतो का. मी म्हटलं, पाण्याच्या काठी आहे, असेल.

"मग लोकरीचे कपडे देते," आई म्हणाल्या. "न्यायची असेल तर ने. नाही नेलीस तरी मी तुला नाव ठेवणार नाही. पण आकड्यावर ढकलू नकोस. तू सांग."

मी सांगितलं, शनिवारी घेऊन या. बोलून झाल्यावरही मला कळेना की मी हे मनापासून म्हणाले, की एकतीसच्या आकड्याने मला दुसरी वाट ठेवली नव्हती म्हणून. सकाळी मालकीणबाईंना खोली नको म्हणून कळवलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे. फोन ठेवून मी वन्संच्या स्वयंपाकघरात एका खोलीसाठी रडले, आणि वन्संना वाटलं मला मुलीची आठवण आली. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

पहिल्या तारखेला सव्वापाचला भोंगा वाजला तेव्हा माझ्या बोटांना कात्रीचे वळ होते आणि दिवसात सत्तर डगले कापून झाले होते. थांबा आता ठाऊक होता, पण बस रेंगाळली. पाच शेहेचाळीसला मी पूल ओलांडला. पाळणाघराचं हिरवं फाटक समोर दिसत होतं. कालव्याच्या कठड्याशी एक बाक होता, आणि मी त्यावर बसले. कुणी बसायला सांगितलं नव्हतं, पाय दुखत होते असंही नाही. मी पाण्याकडे पाहत बसले आणि माझ्याकडून कुणाला काहीच नको होतं. चार मिनिटं बसले. घड्याळात मोजून चार. मग अपराध्यासारखी उठले आणि जवळजवळ पळत फाटकाशी गेले.

दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, लवकर आलात. माझे कान गरम झाले. आत बटण जमिनीवर मांडी घालून बसली होती, तिच्या पुढ्यात ठोकळे होते, आणि तिच्याएवढाच एक मुलगा तिच्या हुकमाप्रमाणे ते रचत होता. मी हाक मारली. ती धावत येईल, गळ्यात पडेल, आणि मला बाकावरच्या चार मिनिटांची शिक्षा होईल, अशी माझी तयारी होती. तिने मान वर केली, मला ओळखलं, हसली.

"थांब ना आई," ती म्हणाली. "माझं अजून व्हायचंय."

बाईंनी मला मुलांची एक बुटकी खुर्ची दिली. मी तिच्यावर गुडघे छातीशी घेऊन बसले. सहाला अजून नऊ मिनिटं होती, आणि ती सगळी बटणने घेतली.